बार्ट टॉर्विकची साइट: रोस्टरवरून भांडायच्या आधी ही उघडा

सरळच सांगते. अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बघत असाल आणि सीझन संपल्यावर कोण गेला, कोण राहिला, कोण येतोय ह्यावरून घरात, मित्रांत, व्हॉट्सअ‍ॅपवर तासन्‌तास वाद होत असतील तर बार्ट टॉर्विकची आकडेवारीची साइट फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. पैसे लागत नाहीत, अकाउंट काढायची कटकट नाही, आणि रोस्टरच्या, म्हणजे टीममध्ये कोण कोण असावं ह्याच्या, वादासाठी इतकं कामाचं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही, पैसे भरून घेतलेल्यात सुद्धा नाही. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

आधी आमच्याकडचं सांगते म्हणजे ही साइट कोणाच्या उपयोगाची ते कळेल. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. इथे खेळ म्हटला की फुटबॉल, पूर्वी धेंपो, साळगावकर, चर्चिल ह्या क्लबांत खेळाडू इकडचे तिकडे व्हायचे तेव्हा तिंट्यावर, म्हणजे बाजारात, संध्याकाळभर तोच विषय असायचा, आता एफसी गोवाचं असतं. आमच्या घरात मात्र पर्ड्यू, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं विद्यापीठ. दादाने एमएस तिथे केलं, वेस्ट लाफायेटला, जीन कीडी कोच होते त्या काळात, आणि परत आला तो पर्ड्यूचा वेडा होऊनच आला. मी स्वतः कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली, त्यामुळे मला लागण व्हायला वेळ लागला नाही. दादाचा मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो, तो सुद्धा पर्ड्यूच, पण बापाचं आणि त्याचं टीमवरून एकदा पण जमत नाही. आणि शेजारी रिटायर्ड पीटी मास्तर, त्यांना कुठल्याच कॉलेजचं प्रेम नाही पण खेळ कळतो, म्हणून शेवटचा शब्द त्यांचाच असतो. असा चौघांचा अड्डा.

वाद नेमका कसला ते कळायला पोर्टल माहीत पाहिजे. एनसीएएने, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्स्फर पोर्टल सुरू केलं. ती एक यादी आहे, खेळाडूने आपलं नाव त्यात घालून घेतलं की बाकीच्या कॉलेजांचे कोच त्याच्याशी उघड बोलू शकतात, जुन्या कोचची परवानगी लागत नाही. पूर्वी कॉलेज बदललं की बहुतेकांना एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, २०२१ मध्ये एकदा न बसता बदलायची सूट मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासात ठीक असाल तर कितीदाही बदला. त्यात २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवता येतात, आणि २०२५ च्या जुलैपासून तर कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाला एका कॉलेजने सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. म्हणजे आता दर वसंतात अर्धी अर्धी टीम बदलते. २०२४ ला केंटकीत मार्क पोप कोच म्हणून आला तेव्हा आदल्या सीझनला तिथे पॉइंट केलेला एकही खेळाडू उरला नव्हता, सगळी टीम नव्याने उभी केली. आणि गंमत बघा, २०२५ ला पोर्टलची खिडकी २४ मार्चला उघडली आणि २२ एप्रिलला बंद झाली, म्हणजे सीझनच्या शेवटची मोठी टूर्नामेंट अजून चालू असतानाच मुलं नावं घालत होती.

पर्ड्यू ह्या सगळ्यात वेगळं पडतं. मॅट पेंटर तिथेच खेळला आणि २००५ पासून तिथेच हेड कोच आहे, तो शाळेतून पोरं आणतो, बसवून ठेवतो, मोठी करतो. पोर्टलमधून घेतो ते मोजकंच, बहुतेक वेळा जिथे भोक पडलंय तेवढंच बुजवायला. २०२३ ला सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्सला आणलं, का तर बॅककोर्टात, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्यांत, पाय जलद असलेला, समोरच्याला अडवणारा गार्ड नव्हता, आणि त्याच वसंतात टूर्नामेंटमध्ये पहिल्या नंबरचं सीड (मानांकन) असून १६ नंबरच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ ने हरले होते, त्या सामन्यात बॉल हाताळणाऱ्यांची दमछाक सगळ्या जगाने बघितली. पुढच्याच वर्षी तीच टीम अधिक जोन्स फायनलपर्यंत. ती फायनल आपल्याकडे ९ एप्रिल २०२४ ला सकाळी, नेमका गुढीपाडवा, वहिनी गुढी उभारायला हाका मारतायत आणि आम्ही टीव्हीपुढून उठत नाही, आमचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा, झॅक ईडी, त्याने एकट्याने ३७ पॉइंट केले तरी कनेक्टिकटने ७५-६० ने हरवलं. दादाचं मत तेव्हापासून पक्कं, आपली पोरं जपा आणि एक भोक बुजवा, बस. पोराचं मत उलटं, की समोर कनेक्टिकटकडे कॅम स्पेन्सर आणि ट्रिस्टन न्यूटन होते, दोघेही दुसऱ्या कॉलेजातून आलेले, मग आपण का लाजायचं.

हा वाद नुसत्या तोंडाने किती पण चालवता येतो. कोणी म्हणतो तो पोरगा सामन्याला १८ पॉइंट मारतो, दुसरा म्हणतो अरे पण कोणासमोर मारतो, तिसरा यूट्यूबवरचे दोन मिनिटांचे हायलाइट दाखवतो ज्यात अर्थातच एक पण शॉट चुकलेला नसतो. इथेच टॉर्विकची साइट कामी येते.

टॉर्विक हा पेशाने वकील, विस्कॉन्सिनचा फॅन, म्हणजे पर्ड्यूच्याच बिग टेन कॉन्फरन्समधला (कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) आमचा विरोधक, पण आकड्यांत कुठे पक्षपात दिसत नाही हे दादाने सुद्धा मान्य केलंय. साइटचा मुख्य भाग म्हणजे टी-रँक, टीमने १०० पझेशनमागे (पझेशन म्हणजे बॉल ताब्यात असण्याची एक पाळी) किती पॉइंट केले आणि किती दिले, समोर कोण होतं त्याचा हिशेब धरून. हे का महत्त्वाचं, तर कॉलेजात एका सामन्यात प्रत्येक टीमला साधारण ६५ ते ७० पझेशन मिळतात पण काही टीमा खूप सावकाश खेळतात, त्यांचे पॉइंट कमी दिसतात म्हणून त्या वाईट होत नाहीत. टूर्नामेंटसाठी टीमा निवडणारी एनसीएएची समिती २०२४-२५ पासून टीमच्या कागदांवर टी-रँक पण बघते, म्हणजे ही काही हौशी पोराची वही नाही.

पण रोस्टरवाल्यांनी टीमच्या रँकिंगपाशी थांबू नका, खेळाडूंच्या तक्त्याकडे जा. तिथे खरा माल आहे. प्रत्येक खेळाडूचा यूसेज दिसतो, म्हणजे तो कोर्टवर असताना टीमचे किती टक्के पझेशन त्याच्या हातून संपतात, शॉटने नाहीतर बॉल गमावून. पाच जण असतात त्यामुळे सरासरी २० टक्के. मग त्याच्या शेजारी त्याची ऑफेन्सिव्ह रेटिंग, म्हणजे त्याच्या हातून १०० पझेशनमागे किती पॉइंट येतात. हे दोन आकडे एकत्र वाचायला शिकलात की अर्धे वाद तिथेच संपतात. ज्याचा यूसेज ३० आहे आणि रेटिंग साधारण, तो छोट्या टीममध्ये हिरो असतो कारण तिथे दुसरं कोणी नसतं, मोठ्या टीममध्ये आला की त्याला २० वर यावं लागतं, मग प्रश्न असा की बॉल हातात नसताना तो काय करतो. लान्स जोन्सचं नेमकं हेच झालं, सदर्न इलिनॉयला सगळा भार त्याच्यावर, पर्ड्यूत ईडी आणि ब्रेडन स्मिथच्या शेजारी तो तिसरा-चौथा माणूस, आणि त्याने ते आनंदाने केलं. हे जे आनंदाने केलं ते कुठल्याच तक्त्यात येत नाही, मास्तर हे दर वेळी बजावतात आणि बरोबर बजावतात.

शॉट कुठून मारले ते पण वेगळं दिसतं, रिंगजवळचे, लांबचे दोनचे, तीनचे, डंक सुद्धा मोजलेले असतात. मला हे सगळ्यात आवडतं. एखादा फॉरवर्ड दोनच्या शॉटमध्ये ६० टक्के आहे म्हणून पोरं नाचत असतात, उघडून बघावं तर जवळजवळ सगळे रिंगखालचे, म्हणजे तुमच्याकडे आधीच पोस्टमध्ये, रिंगजवळ, उभा राहणारा माणूस असेल तर हा दुसरा उभा कुठे राहणार?

आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे फिल्टर. तारखेप्रमाणे लावा, कॉन्फरन्सप्रमाणे लावा, उंचीने, कितव्या वर्षाला आहे त्याने, आणि फक्त तगड्या टीमांविरुद्धचे सामने एवढे पण काढता येतात. छोट्या कॉन्फरन्सातला स्टार पहिल्या शंभरातल्या टीमांसमोर काय करतो ते बघायचं, सामने थोडे असतात त्यामुळे जपून वाचायचं, पण बघायचंच. पोर्टलमध्ये नाव आलेल्यांचं वेगळं पान आहे, ते एप्रिलमध्ये आमच्या घरात पेपरच्या आधी उघडतं.

आता २०२५ चा वसंत घ्या. २९ मार्चला, पाडव्याच्या आदल्या सकाळी, पर्ड्यू टूर्नामेंटमध्ये ह्यूस्टनकडून ६२-६० ने हरलं, शेवटच्या सेकंदाला मिलोस उझानने लेअप घातला, बाहेर पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों वाजत होता आणि घरात कोणी बोलत नव्हतं. त्या सीझनला पर्ड्यूचं दुखणं उघड होतं, ईडी गेल्यावर रिंगखाली भिंत नव्हती, रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे बॉल, समोरच्यांकडे जात होते, डॅनियल जेकबसन म्हणून सात फूट चार इंचाचा नवा पोरगा होता त्याचा पाय सीझनच्या दुसऱ्याच सामन्यात मोडला. मग पोर्टल सीझन सुरू, आणि माइल्स कॉल्विन वेक फॉरेस्टला गेला, कॅमडेन हाइडी टेक्सासला. दोघेही अंगाने जबरदस्त, उड्या मारणारे विंग, म्हणजे कडेने खेळणारे. आमच्या पोराचं तर डोकंच फिरलं, "आत्या, बघ, सगळे जातायत आणि आपला कोच गप्प बसलाय." दादा म्हणाला, "जाऊ देत. स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन आपले मुख्य तिघे राहिलेत ना? मग तू कसली काळजी करतोस?"

ह्यावर आठवडाभर जुंपली. पोराने फ्लोरिडाचं उदाहरण पुढे केलं आणि ते उदाहरण वजनदार आहे हे मान्य करावंच लागेल. ८ एप्रिलला सकाळी आपण बघितलं, फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ ने हरवून टायटल घेतलं, आणि त्यांचे मुख्य तीन गार्ड बघा, वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेला, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. तिन्ही छोट्या कॉन्फरन्सांतले. म्हणजे पोर्टलने टायटल मिळत नाही असं आता कोणी म्हणूच शकत नाही. पण दादाने पण टॉर्विकचाच तक्ता उघडून उलटा मुद्दा काढला, की रिचर्ड २०२२ ला आलाय, क्लेटन २०२३ ला, म्हणजे टायटलच्या वर्षी ते त्याच कोचकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे होते, कालपरवा आलेला फक्त मार्टिन. आणून बसवले, एकत्र खेळवले, मग जिंकले. मला हा मुद्दा पटला. साइटवर खेळाडूची मागची वर्षं एकाखाली एक दिसतात म्हणून हे दिसलं, नुसत्या बातम्या वाचल्या असत्या तर "तिघे ट्रान्स्फर" एवढंच डोक्यात राहिलं असतं.

मग ऑस्कर क्लफचं नाव आलं. ऑस्ट्रेलियाचा सेंटर, आधी वॉशिंग्टन स्टेट, मग साउथ डकोटा स्टेट, तिथे सामन्याला १२ च्या वर रिबाउंड. पोरगा म्हणाला समिट लीगमध्ये, म्हणजे साउथ डकोटा स्टेटच्या छोट्या कॉन्फरन्समध्ये, कोणीही घेईल रिबाउंड. मास्तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "शूटिंग एका लीगमधून दुसऱ्या लीगमध्ये गेलं की पडतं, रिबाउंड तितका पडत नाही, जागा धरायची सवय असते ती कुठेही जाते." मी तक्ता उघडला. साइट नुसते रिबाउंड मोजत नाही, तो कोर्टवर असताना सुटलेल्या बॉलांपैकी किती टक्के त्याने घेतले ते देते, त्यात क्लफ देशातल्या वरच्या फळीत, आणि आदल्या वर्षी मोठ्या कॉन्फरन्सात असतानाचे आकडे पण तिथेच खाली. पोरगा बराच वेळ फोन घेऊन बसला आणि मग म्हणाला ठीक आहे, हा चालेल. पर्ड्यूने त्याला घेतलं त्या दिवशी घरात फाफडा-जिलेबी नाही पण मिरची-भजी आली.

आता त्या भागाबद्दल लिहिते ज्यासाठी मी ही साइट सगळ्यांना सांगत फिरते, रोस्टरकास्ट. टीम निवडायची, पुढच्या सीझनचे खेळाडू समोर येतात, त्यातला कोणी काढा, पोर्टलमधला कोणी घाला, आणि टीमचा अंदाज नव्याने निघतो, ऑफेन्स किती, डिफेन्स किती, देशात कितवा नंबर. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री, बाहेर वाड्यावरच्या पोरांचे ढोल आणि डीजे, झोप तर कोणाला येणारच नव्हती, आम्ही चौघे ओसरीवर हेच करत बसलेलो. स्मिथला काढून बघितलं तर टीम कुठल्या कुठे जाते, आणि जाणारच, २०२५ चा बिग टेनचा प्लेयर ऑफ द इयर आहे तो. मग क्लफला काढून बघितलं, मग कॉल्विन-हाइडीला परत घालून बघितलं. हे करताना प्रत्येकाला आपलं म्हणणं नेमकं करावं लागतं. "तो राहायला पाहिजे होता" एवढं म्हणून भागत नाही, राहिला असता तर कोणाच्या जागी खेळला असता? एका सामन्यात पाच जागा गुणिले ४० मिनिटं, २०० मिनिटं असतात, स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन हे तिघेच शंभर खातात, उरलेल्यात क्लफ, जेकबसन, सी. जे. कॉक्स, गिकॅरी हॅरिस, इस्रायलहून आलेला ओमर मायर, आणि वर अजून दोघे हवेत म्हणता, तर मिनिटं आणायची कुठून? हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा पोरगा स्वतःच म्हणाला की कॉल्विनने जाऊन बरोबर केलं, त्याला वेक फॉरेस्टला खेळायला मिळेल. वाद करता करता पोरांच्या बाजूने विचार सुरू झाला हे मला फार बरं वाटलं. फॅन लोक गेलेल्या पोराला नावं ठेवतात ते मला मुळीच आवडत नाही, वीस-एकवीस वर्षांची मुलं आहेत, चार वर्षांचं खेळणं आहे, त्यात दोन बाकावर काढायची का?

आता अर्धा कुठे कापला. पहिलं, अंदाज मागच्या आकड्यांवर बांधलेला असतो, आणि जिथे मागचे आकडेच नाहीत तिथे पाया कच्चा असतो. जेकबसनचे आदल्या सीझनचे दोनच सामने, त्यावरून सात फूट चार इंचाच्या पोराचं काय सांगणार? मायर प्रोफेशनल लीगमधून आलेला, तोवर कॉलेजचा एक पण सामना खेळलेला नव्हता. शाळेतून आलेल्या फ्रेशमनचं पण तसंच, त्यांचा अंदाज रिक्रूटिंगच्या रँकिंगवरून येतो. म्हणजे ज्या टीममध्ये जुने खेळाडू जास्त तिथे साइट भरवशाची, ज्या टीममध्ये सगळेच नवे तिथे सांभाळून. दुसरं, कोण कोणाशेजारी खेळू शकतो हे तिला कळत नाही. क्लफ आणि कॉफमन-रेन दोघांनाही रिंगजवळच खेळायचं असतं, दोघे एकत्र उभे राहिले तर स्मिथला पिक-अँड-रोल, म्हणजे साथीदाराच्या आडोशाने आत घुसायची चाल, खेळायला जागा किती उरेल, हा २०२५-२६ च्या सीझनआधी आमच्या घरातला सगळ्यात तापलेला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर फक्त कोर्टवर मिळणार होतं. तिसरं म्हणजे दिसायला साइट साधी, मोठाले तक्ते, आकड्यांची गर्दी, फोन आडवा धरल्याशिवाय नीट वाचता येत नाही, नव्या माणसाला पहिल्या दिवशी काहीच कळणार नाही. त्याने घाबरू नका, आधी यूसेज, रेटिंग, मिनिटं एवढेच कॉलम वाचा, बाकीचे आपोआप कळत जातात.

पैसे देऊन घ्यायच्या साइटी पण आहेत, त्यांचं थोडक्यात. केनपॉम ही सगळ्यांची आजी, केन पोमरॉयने सुरू केली, तो मूळचा हवामानशास्त्राचा माणूस, वर्षाला वीस-पंचवीस डॉलर लागतात, म्हणजे आपले दोनेक हजार. टीमच्या रँकिंगसाठी लोक अजून तिचाच शब्द धरतात. रोस्टरवाल्यांसाठी तिच्यात एक गोष्ट सोन्यासारखी आहे, मिनिट्स कंटिन्युइटी, म्हणजे आदल्या वर्षी जे खेळले त्यातली किती टक्के मिनिटं यंदा त्याच माणसांकडे आहेत. पर्ड्यूवाल्यांनी ह्या एका आकड्यासाठी पैसे भरावेत असं मला वाटतं, दादा तर तो आकडा जपमाळेसारखा म्हणतो. पण एप्रिल-मेमध्ये पोर्टल चालू असताना तिची तितकी गरज पडत नाही, सीझन सुरू झाल्यावर घ्या. इव्हान मियाकावाची साइट आहे, तिथे खेळाडू कोर्टवर असताना आणि नसताना टीमचं काय होतं त्याचा पण हिशेब धरतात, त्यामुळे डिफेन्स करणारा पण पॉइंट न करणारा खेळाडू तिथे नीट दिसतो, हे टॉर्विककडे कमी पडतं. तिथे चांगल्या गोष्टींना पैसे लागतात. आणि कोण कुठे गेला, कोणाच्या किती जागा शिल्लक, एवढंच बघायचं असेल तर व्हर्बल कमिट्स आहे, फुकट.

न्यूज साइटींवरची ट्रान्स्फरची स्टार-रेटिंग मात्र मी वादात पुरावा म्हणून चालू देत नाही. पाच स्टार कोणाला दिले हे खेळाडू किती चांगला ते सांगतं, तुमच्या टीमला त्याचा उपयोग काय ते नाही सांगत. आमच्याकडे नियमच केलाय, स्टार दाखवला की तो मुद्दा बाद, यूसेज दाखवा, शॉट कुठून मारतो ते दाखवा, मिनिटं कोणाची घेणार ते सांगा. चार संध्याकाळी हे पाळून बघा, भांडण कमी होत नाही, उलट रंगतं, पण आरडाओरडा कमी होतो आणि कोणीतरी दर वेळी काहीतरी नवीन शिकून उठतं. मास्तरांना इंग्रजी साइट वाचायची सवय नव्हती, आता ते स्वतः फोन मागून घेतात आणि रिबाउंडचा कॉलम लावून बसतात, आणि त्यांना शाळेच्या टीमला पण असंच मोजायला पाहिजे होतं असं वाटतं, म्हणजे कोणी किती पॉइंट केले ह्याच्या पलीकडे, बॉल किती वेळा हातात आला आणि त्याचं काय केलं. गोव्यातल्या शाळा-कॉलेजांच्या कोचनी हे मनावर घ्यावं, एक वही आणि एक पोर बसवला तर यूसेज काढता येतो, त्याला अमेरिका लागत नाही.

२०२५-२६ चा सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होता, एपी वृत्तसंस्थेच्या पहिल्या यादीत पर्ड्यू एक नंबरला होतं, दादा हवेत होता. नव्याने साइट वापरणाऱ्यांना एक सांगते, सुरुवातीचे काही आठवडे तिथल्या रँकिंगमध्ये सीझनआधीचा अंदाज मिसळलेला असतो, सामने वाढतील तसा तो अंदाज मागे पडत जातो, त्यामुळे नोव्हेंबरातला नंबर घेऊन कोणाशी पैज लावू नका. ख्रिसमसपर्यंत थांबा, मग तारखेचा फिल्टर लावून फक्त कॉन्फरन्सचे सामने वेगळे काढा. वेळेचं पण लक्षात ठेवा, तिकडचं घड्याळ मागे गेलं की इंडियाना आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे त्यांचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्या सीझनआधी पोरगा म्हणत होता क्लफ आणि कॉफमन-रेन एकत्र सुरू करतील आणि जानेवारीपर्यंत जेकबसन क्लफची मिनिटं खाईल, दादा म्हणत होता पेंटर मार्चपर्यंत काहीच बदलणार नाही. मी पोराच्या बाजूने होते, पण अर्ध्याच, एकत्र सुरू करतील हे पटत होतं, क्लफची मिनिटं कोणी खाईल हे नव्हतं पटत, त्याचा रिबाउंडचा कॉलम एकदा उघडून बघा आणि तुम्हीच सांगा.